देवाचं नाक लांब? हिब्रू बायबलातला 'अफ' हा शब्द नक्की काय सांगतो

अधूनमधून एक फॉरवर्ड फिरत येतो, की मूळ हिब्रू बायबलात (ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्यात) देवाचं नाक लांब आहे असं स्पष्ट लिहिलंय आणि भाषांतर करणाऱ्यांनी ते आपल्यापासून लपवलं. वाचून निम्मे लोक हसतात, निम्मे चिडतात, आणि चिडलेल्यांना सांगायचं तर फॉरवर्ड पूर्ण खोटा नाहीये. शब्द खरंच तिथे आहेत, 'एरेख अप्पायिम', आणि शब्दाला शब्द ठेवला तर 'नाकाचा लांब' असंच काहीतरी निघतं. चुकीचा आहे तो त्यातून काढलेला अर्थ. आणि हा अर्थ समजायला मराठी माणसाला खरं तर कुणापेक्षाही सोपं जायला हवं, कारण राग नाकाच्या शेंड्यावर बसवणारे आपणच.

आधी शब्द बघू

'अफ' म्हणजे नाक. सरळ, शरीरावरचं नाक. हिब्रूत हा दोनच अक्षरांचा शब्द आहे, पण त्यात पूर्वी एक 'न' होता जो पुढच्या अक्षरात गिळला गेला. बहिणी-बहिणी असलेल्या भाषा बघितल्या की कळतं, अरबीत नाकाला 'अन्फ' म्हणतात, तिथे 'न' अजून शाबूत आहे, आणि जुन्या मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेत 'अप्पू', तिथेही गिळलेला. हिब्रूतही रागावण्याचं एक क्रियापद 'अनफ' असं आहे, त्यात तो हरवलेला 'न' परत दिसतो.

'प' आणि 'फ'चा गोंधळ होऊ देऊ नका, हिब्रूत ते एकच अक्षर आहे. जोडून आलं की 'प्प', शब्दाच्या शेवटी आलं की 'फ'. म्हणून 'अफ' म्हणजे नाक आणि 'अप्पी' म्हणजे माझं नाक.

आता 'अप्पायिम'. ज्यांनी शाळेत मार्कांसाठी संस्कृत घेतलं होतं त्यांना द्विवचन आठवत असेल (आणि त्याचा त्रासही). हिब्रूतही द्विवचन आहे, डोळे, कान, हात, पाय अशा जोडीने येणाऱ्या गोष्टींसाठी. अप्पायिम म्हणजे दोन नाकपुड्या, आणि त्यावरून मग कधी अख्खा चेहरा. उत्पत्तीच्या पुस्तकात लोट पाहुण्यांसमोर वाकतो किंवा योसेफाचे भाऊ त्याच्यासमोर वाकतात तेव्हा मूळ शब्द आहेत 'अप्पायिम आर्त्सा', नाकपुड्या जमिनीला. आपण 'नाक घासणं' म्हणतो त्यात लाचारी आहे, तिकडे तो नुसता आदराचा नमस्कार आहे, एवढा फरक.

कुठे कुठे हे साधं नाकच आहे

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो, तिथे हाच शब्द. पुढे अब्राहामाचा नोकर इसहाकासाठी मुलगी बघायला जातो, विहिरीवर रिबका भेटते, ती त्याला आणि त्याच्या उंटांना पाणी पाजते आणि तो तिला सोन्याची 'नेझेम' देतो. हाच किस्सा तो नंतर तिच्या घरच्यांना सांगतो तेव्हा म्हणतो, मी ती तिच्या 'अफ'वर घातली. म्हणजे नथच झाली. वजन दिलंय एक बेका, बेका म्हणजे अर्धा शेकेल, साधारण सहा ग्रॅमच्या आसपास, आपल्या हिशोबात जवळजवळ अर्धा तोळा. लग्नाच्या बोलणीत सोन्याचं वजन लिहून ठेवायची सवय किती जुनी आहे बघा.

नीतिसूत्रांत अक्कल नसलेल्या सुंदर बाईला डुकराच्या 'अफ'मधली सोन्याची नथ म्हटलंय (आजच्या काळात असं कुणी बोललं तर त्याचं काही खरं नाही). स्तोत्रसंहितेत मूर्तींबद्दल टोमणा आहे की त्यांना नाक आहे पण वास येत नाही. ईयोबाच्या पुस्तकात देव विचारतो, लिव्याथान नावाच्या त्या अजस्र प्राण्याच्या नाकात तू दोरी घालशील का, म्हणजे सरळ वेसण. आणि यरुशलेमवर चालून आलेल्या अश्शूरच्या सन्हेरीब राजाला यशया संदेष्ट्यामार्फत निरोप जातो की मी तुझ्या नाकात आकडा घालीन आणि आलास त्याच वाटेने तुला परत नेईन. हे नुसतं काव्य नव्हतं बरं का, सन्हेरीबाच्याच मुलाचा, एसरहद्दोनचा, एक मोठा कोरीव दगड तुर्कस्तानातल्या झिंजिर्लीला सापडला, आता बर्लिनला आहे, त्यात राजाच्या हातात दोऱ्या आहेत आणि त्या दोऱ्या कैद्यांच्या ओठांत अडकवलेल्या आहेत. म्हणजे अश्शूरी लोक दुसऱ्यांना जसं बांधून नेत तसंच त्यांच्या राजाला नेऊ, अशी ती धमकी.

अजून एक जागा सगळ्यांच्या ओळखीची. आदामाला शिक्षा होते तेव्हा मराठी बायबलात येतं की 'निढळाच्या घामाने' भाकर खाशील. निढळ म्हणजे कपाळ. मूळ हिब्रूत कपाळ नाहीये, 'तुझ्या अप्पायिमच्या घामाने' आहे, नाकाच्या किंवा चेहऱ्याच्या. पण मराठीत घाम निढळाचाच गळतो, नाकाचा घाम म्हटलं असतं तर वाचणाऱ्याला सर्दी वाटली असती.

मग यात राग कुठून शिरला

हा शब्द हिब्रू बायबलात पावणेतीनशेच्या आसपास वेळा येतो आणि त्यातल्या बहुतेक वेळा त्याचा अर्थ नाक नसून राग असतो, माणसांचा कमी आणि देवाचा जास्त. यामागे फार खोल तत्त्वज्ञान शोधायची गरज नाही, समोरच्या चिडलेल्या माणसाकडे बघा. नाकपुड्या फुगतात, श्वास जोरात आणि गरम येतो, नाक लाल होतं. नेहमीचा वाक्प्रचार आहे 'खारा अफ', त्यातलं 'खारा' म्हणजे पेटणं, तापणं, म्हणजे 'अमक्याचं नाक तमक्यावर पेटलं'. राहेलला मूल होत नसतं आणि ती नवऱ्याला, याकोबाला म्हणते, मला मुलं दे नाहीतर मी मरते, तेव्हा याकोबाचं नाक राहेलवर पेटतं. भाषांतरात येतं, याकोब राहेलवर संतापला. अर्थ बरोब्बर तोच, फक्त नाक गेलं.

18 व्या स्तोत्रात तर हे चित्र पूर्ण रंगवलंय, देव रागावतो तेव्हा त्याच्या नाकातून धूर निघतो, तोंडातून आग निघते. निर्गमाच्या पुस्तकात, मिसर म्हणजे इजिप्तमधून सुटलेल्या इस्राएली लोकांच्या समुद्र ओलांडल्यानंतरच्या गाण्यातही समुद्राचं पाणी कशामुळे उभं राहिलं, तर देवाच्या 'अफ'च्या वाऱ्याने. आता इथे अफ म्हणजे नाक की राग? दोन्ही, आणि कवीला दोन्ही हवेत.

आपल्याकडेही हेच आहे. नाकावर राग, नाकाला मिरच्या झोंबल्या, नाक फुगवून बसली. पण एक मोठा फरक आहे जो मराठी वाचकाने ध्यानात ठेवायला हवा. आपलं नाक मुख्यतः इज्जतीचं आहे. नाक कापलं, नाक वर करून चालतो, घराण्याचं नाक. हिब्रूतलं नाक इज्जतीचं नाही, ते श्वासाचं आणि संतापाचं आहे. त्यामुळे 'लांब नाक' वाचून घमेंड किंवा प्रतिष्ठा असं काही डोक्यात येत असेल तर ते बाजूला ठेवा.

मांसाचा किस्सा, ज्यात नाक आणि राग एकाच ताटात येतात

बायबलातल्या 'गणना' या पुस्तकाचा 11 वा अध्याय उघडा. मिसरमधून सुटून आलेले लोक वाळवंटात रोज मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून पाठवलेलं अन्न, खाऊन कंटाळलेत. रडारड चालू होते की मिसरमध्ये मासे फुकट मिळायचे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण, आणि इथे काय तर नुसता मान्ना. (मेसचं जेवण जेवलेल्यांना हा अध्याय जवळचा वाटेल.) देवाचं 'अफ' पेटतं. मग देव लोकांच्या पुढाऱ्याला, मोशेला म्हणतो, मांस पाहिजे ना, देतो, एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पाच, दहा, वीस दिवसही नाही, पुरता महिनाभर, तुमच्या 'अफ'मधून बाहेर येईपर्यंत आणि तुम्हाला शिसारी येईपर्यंत. मग लावे पक्ष्यांचे थवे येतात, लोक तुटून पडतात, आणि मांस अजून दातांत असतानाच देवाचं 'अफ' पुन्हा लोकांवर पेटतं आणि रोगराई येते.

एकाच गोष्टीत रागाचं अफ आहे आणि त्याच्या मध्ये मांस बाहेर येणारं शब्दशः नाक आहे. मूळ भाषेत ऐकणाऱ्याला हा खेळ ऐकू येत असणार, लोकांनी देवाचं नाक तापवलं तर शिक्षा त्यांच्या नाकातून निघते. भाषांतरात एका ठिकाणी राग आणि दुसऱ्या ठिकाणी नाकपुड्या असं लिहावं लागतं आणि धागा तुटतो, त्याला इलाज नाही.

असाच खेळ नीतिसूत्रांच्या 30 व्या अध्यायाच्या शेवटी आहे, आणि तो मला सगळ्यात आवडतो. दूध घुसळलं की लोणी निघतं, नाक पिळलं की रक्त निघतं, आणि राग पिळला की भांडण निघतं. तिन्ही ठिकाणी क्रियेचा शब्द एकच, 'मीत्स', दाबणं-पिळणं. आणि दुसऱ्या तुकड्यात 'अफ' आहे, तिसऱ्यात 'अप्पायिम'. नाक एकवचनी, राग द्विवचनी, आणि वाक्य असं बेतलंय की नाकावरून रागावर कधी घसरलो ते कळतसुद्धा नाही.

आता ते लांब नाक

'एरेख अप्पायिम' म्हणजे ज्याला राग यायला वेळ लागतो असा. याचं उलटं रूपही आहे, 'केत्सर अप्पायिम', आखूड नाकाचा, आणि नीतिसूत्रांत म्हटलंय की असा माणूस मूर्खपणा करून बसतो. म्हणजे हे विशेषण देवासाठी राखीव नाही, माणसांनाही लागतं, आणि तिथे कुणी त्यांचं नाक पट्टीने मोजत नव्हतं.

लांबीचा आणि उशिराचा संबंध कसा लागला यावर दोन प्रकारे बोललं जातं. एक म्हणजे लांब श्वास, राग आला की श्वास आखूड होतो, शांत माणसाचा लांब असतो. दुसरं म्हणजे नाक तापण्याचं चित्र, ज्यात मोठ्या पातेल्यातलं पाणी जसं उकळायला वेळ घेतं तसं लांब नाक पेटायला वेळ घेतं. मला पहिलं जास्त पटतं कारण हिब्रूत 'आखूड श्वासाचा' असाही प्रयोग उतावळ्या माणसासाठी आहे, आणि नीतिसूत्रांच्या 14 व्या अध्यायात एका ओळीत लांब नाकाचा शहाणा आणि आखूड श्वासाचा मूर्ख शेजारी शेजारीच उभे केलेत.

पण हा शब्दप्रयोग सगळ्यात महत्त्वाचा कुठे येतो ते बघायचं तर निर्गमाचे 32 ते 34 अध्याय सलग वाचावे लागतात. मोशे डोंगरावर आहे, खाली लोकांनी सोन्याचं वासरू केलंय. देव मोशेला म्हणतो, मला अडवू नकोस, माझं अफ यांच्यावर पेटू दे. मोशे म्हणतो, का पेटावं तुझं अफ तुझ्याच लोकांवर? एवढी समजूत घालून मोशे खाली उतरतो, नाचगाणी बघतो, आणि मग कुणाचं अफ पेटतं? मोशेचं. हातातल्या दगडी पाट्या तो आपटून फोडतो. जो वर देवाला शांत हो म्हणत होता तोच. मग त्याचा भाऊ अहरोन, ज्याने ते वासरू स्वतः बनवलं होतं, तो म्हणतो, माझ्या स्वामीचं अफ पेटू नये, हे लोक कसे आहेत तुला माहितीच आहे (आणि पुढे म्हणतो की मी सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं, यापेक्षा पडेल सबब अख्ख्या बायबलात नसेल).

एवढी नाकं पेटून झाल्यावर 34 व्या अध्यायात देव मोशेसमोरून जातो आणि स्वतःची ओळख सांगितली जाते, दयाळू, कृपाळू, एरेख अप्पायिम. वाचणाऱ्याच्या कानात मागची सगळी 'अफ' घुमत असताना हा शब्द येतो, म्हणून त्याला वजन आहे. राग येतच नाही असं नाही, नुकताच आलेला आपण पाहिला. पण तो यायला वेळ लागतो.

यहुदी प्रार्थनेत ही ओळ आजही म्हणतात, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, तर परत परत. कोकणातल्या आणि मुंबईतल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांच्या सिनेगॉगमध्येही हेच हिब्रू शब्द.

म्हणजे भाषांतरवाल्यांनी खरंच लपवलं?

नाही. इसवी सनाच्या आधीच हिब्रू बायबल ग्रीकमध्ये आलं तेव्हाच तिथे नाक सोडून 'माक्रोथुमोस' असा शब्द वापरला गेला, लांब मनाचा म्हणा. मराठी बायबलात 'मंदक्रोध' आहे, आणि माझ्या मते तो झकास शब्द आहे, छोटा, जोडून केलेला आणि मुळासारखाच दोन तुकड्यांचा. आपल्याकडे हिब्रू जाणणारे नव्हते असंही नाही. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्येच हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं होतं, मुख्यतः बेने इस्राएल विद्यार्थ्यांसाठी. आणि केडगावच्या पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मुळावरून मराठीत आणलं, 1922 मध्ये जाण्याआधी काम पुरं केलं. तेव्हा यांना कुणाला लांब नाक दिसलं नसेल हे शक्य नाही, दिसलं आणि त्यांनी अर्थ लिहिला.

उलट प्रश्न असाही येतो की मग मूळ ऐकणाऱ्याला दरवेळी नाक डोळ्यासमोर दिसायचं का. तर नाही. आपण 'नाकी नऊ आले' म्हणताना कोण नाक मोजतं? भाषेचे अभ्यासक जेम्स बार यांनी 1961 मध्ये याच सवयीवर कडक टीका केली होती, की शब्दाचं मूळ शोधायचं आणि प्रत्येक वाक्यात तो मूळ अर्थ कोंबायचा. शब्दाचा अर्थ वाक्यात असतो. गणनेच्या त्या मांसाच्या गोष्टीत नाक जिवंत आहे कारण लेखकाने मुद्दाम जागं केलंय, बाकी शेकडो ठिकाणी ते झोपलेलं आहे. फॉरवर्डवाल्यांची चूक नेमकी हीच आहे.

आणि देवाला शरीर आहे असं निघतं का?

यावर वाद जुना आहे. बाराव्या शतकातले मोठे यहुदी विचारवंत रामबाम, म्हणजे मैमोनिदीस, यांना देवाला शरीर ही कल्पनाच मान्य नव्हती, त्यांचं उत्तर होतं की तोरा, म्हणजे बायबलाची पहिली पाच पुस्तकं, माणसांच्या भाषेत बोलते. हे पटण्यासारखं आहे. पण ते आणखी पुढे गेले, म्हणाले की देवाचं अफ पेटणं हा प्रयोग फक्त मूर्तिपूजेच्या संदर्भातच येतो. इथे टीकाकारांनी बोट ठेवलं, कारण जळत्या झुडपापाशी मोशे फक्त 'दुसऱ्या कुणाला तरी पाठव' अशी टाळाटाळ करतो तरी देवाचं अफ पेटतं, तिथे मूर्तीचा पत्ताच नाही.

जिथे जिथे 'अफ' तिथे तिथे नाक?

इथे जपून. हिब्रूत दुसरा एक 'अफ' आहे, उच्चार तोच, अक्षरं तीच, अर्थ 'सुद्धा' किंवा 'तरी', नाकाशी काही घेणंदेणं नाही. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात साप हव्वेशी बोलायला सुरुवात करतो ती याच शब्दाने. आणि आजच्या इस्राएलमध्ये 'अफ एखाद' म्हणजे 'एकही नाही', एक नाक नव्हे. ऑनलाइन डिक्शनरी लावून बायबल वाचणारे इथे हमखास आपटतात.

लांब नाकावर चिडलेला माणूस

योनाची गोष्ट मासा गिळतो इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते, पुढचं फार कुणी वाचत नाही. देव योनाला अश्शूरच्या निनवे शहरात नाशाचा इशारा द्यायला पाठवतो, तो आधी पळतो आणि मग जातो. इशारा ऐकून निनवेचा राजा गोणपाट नेसून बसतो आणि म्हणतो, कोण जाणे, देव त्याच्या पेटलेल्या अफपासून मागे फिरेलही. देव फिरतो, शहर वाचतं. आणि योना भडकतो. देवालाच म्हणतो, मला माहीतच होतं, तू दयाळू, कृपाळू, एरेख अप्पायिम, म्हणून तर मी आधी पळालो होतो. निर्गमातली ती स्तुतीची ओळ इथे तक्रार म्हणून देवाच्या तोंडावर मारलीय. मजा म्हणजे योनाच्या स्वतःच्या रागासाठी लेखक 'अफ' वापरत नाही, नुसतं 'त्याला पेटलं' म्हणतो, नाकाशिवाय. भावाला मारणाऱ्या काइनाच्या बाबतीतही तसंच आहे, आणि काही अभ्यासक म्हणतात की नाकाशिवायचं हे पेटणं दुसऱ्यावर काढलेल्या रागापेक्षा आतल्या आत जळफळण्याच्या जवळचं आहे. योनाकडे बघता बरोबर वाटतं. नहूम संदेष्टा मात्र याच निनवेबद्दल तीच ओळ उलटी फिरवतो, देव एरेख अप्पायिम आहे खरा पण दोषीला सोडत नाही, आणि निनवे इ.स.पू. 612 मध्ये पडलं ते पडलंच.

एक जागा अजून कुणाला नीट सुटलेली नाही

पहिल्या शमुवेलाच्या सुरुवातीला एलकाना नावाचा माणूस आहे, दोन बायका, एकीला मुलं, दुसरीला, हन्नाला, नाहीत. यज्ञाच्या जेवणात तो सगळ्यांना वाटे देतो आणि हन्नाला देतो 'मना अखात अप्पायिम'. शब्दशः 'एक वाटा, दोन नाकपुड्या'. बऱ्याच भाषांतरांत दुप्पट वाटा असं येतं कारण द्विवचन म्हणजे दोन, पण अप्पायिमचा अर्थ 'दुप्पट' असा बाकी कुठेच होत नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात वाचन वेगळंच आहे, त्यांच्यासमोर बहुधा 'एफेस' असा शब्द होता, म्हणजे 'मात्र', आणि मग वाक्य होतं की तिला एकच वाटा दिला, मात्र प्रेम हन्नावरच होतं. एका अर्थाने नवरा बायकोला जास्त वाढतो, दुसऱ्या अर्थाने मुलं नाहीत म्हणून एकच वाढतो आणि आतून झुरतो. हन्ना मात्र दोन्हीतही रडते आणि जेवत नाही. पुढे एलकाना तिला विचारतो, मी तुला दहा मुलग्यांपेक्षा चांगला नाही का, ज्यावर तिचं उत्तर लेखकाने दिलेलंच नाही.